विदाप्रकार रूपांतर तपासणी

विदाप्रकार रूपांतर तपासणी म्हणजे वापरकर्त्याने मजकुराच्या रूपात दिलेली नोंद पूर्णांक, दशांश संख्या, दिनांक, हो-नाही यांसारख्या ठरावीक विदाप्रकारात बदलता येईल की नाही, हे प्रत्यक्ष वापरापूर्वी पाहण्याची संगणकीय प्रक्रिया होय. विदा म्हणजे ज्याला व्यवहारात डेटा म्हटले जाते ती माहिती. कळफलकावरून, फाइलीतून किंवा संकेतस्थळावरील अर्जातून येणारी माहिती संगणकाला प्रथम केवळ अक्षरांची माळ म्हणून मिळते. तिच्यावर बेरीज, तुलना किंवा क्रमवारी करावयाची असल्यास त्या माळेचे मूल्यात रूपांतर करावे लागते. ते शक्य नसताना तसेच पुढे गेल्यास आज्ञावली बंद पडते, किंवा चुकीचे मूल्य कोणाच्याही लक्षात न येता साठवले जाते.

मराठी व्यवहारात या तपासणीला विशेष महत्त्व आहे. मराठीत अंक देवनागरी आणि आंतरराष्ट्रीय अशा दोन्ही रूपांत लिहिले जातात. जमिनीचे क्षेत्र हेक्टर-आर किंवा एकर-गुंठ्यांत सांगितले जाते, भूमापन क्रमांकात तिरपी रेघ असते आणि दिनांक दिवस-महिना-वर्ष या क्रमाने लिहिला जातो. यांपैकी प्रत्येक रीत परकीय संकेतांवर बेतलेल्या तपासणीत अडखळू शकते. पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यातल्या रानशेतसारख्या गावातील रहिवाशाचा अर्ज नाकारला जाणे, किंवा त्याची जमीन कागदावर कमी भरणे, अशा परिणामांचे मूळ कधीकधी या छोट्या तांत्रिक पायरीत असते.

## संकल्पना

‘२५’ हा मजकूर आणि पंचवीस ही संख्या या संगणकाच्या दृष्टीने दोन भिन्न गोष्टी आहेत. मजकूर म्हणजे ‘२’ आणि ‘५’ ही दोन चिन्हे एकापुढे एक. संख्या म्हणजे स्मृतीत द्विमान पद्धतीने ठेवलेले एक मूल्य. ‘२५’ आणि ‘३०’ हे मजकूर म्हणून जोडल्यास ‘२५३०’ मिळते, संख्या म्हणून मिळवल्यास ५५ मिळतात. क्रमवारीतही हाच भेद दिसतो. मजकुराच्या क्रमाने ‘१००’ हे ‘२०’ च्या आधी येते, कारण तुलना पहिल्या चिन्हापासून केली जाते.

रूपांतराचा प्रयत्न तीन प्रकारे संपू शकतो:

* यश: संपूर्ण मजकूर नियमात बसतो आणि मूल्य मिळते.
* स्पष्ट अपयश: मजकूर नियमात बसत नाही आणि आज्ञावलीला तसे कळते.
* मूक अपयश: मजकूर नियमात पूर्ण बसत नाही, तरीही कोणते तरी मूल्य परत येते. उदाहरणार्थ, चुकीच्या नोंदीबद्दल शून्य मिळणे.

यांत तिसरा प्रकार सर्वांत घातक मानला जातो, कारण मिळालेले शून्य वापरकर्त्याने खरोखर लिहिलेल्या शून्यापासून पुढे वेगळे ओळखता येत नाही.

तपासणीचे दोन प्रश्न येथे वेगळे ठेवणे आवश्यक असते. पहिला, हा मजकूर त्या प्रकारात बदलता येतो का? दुसरा, बदललेले मूल्य लिहिणाऱ्याच्या मनातले आहे का? पहिल्याचे उत्तर संगणक देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर क्षेत्राचे ज्ञान, लेखनाचे संकेत आणि अनेकदा प्रत्यक्ष माणसाची पुष्टी यांवर अवलंबून असते.

## तपासणीच्या पद्धती

### प्रयत्न आणि अपवाद

या पद्धतीत आज्ञावली थेट रूपांतर करू पाहते. ते न झाल्यास ‘अपवाद’ निर्माण होतो आणि तो हाताळण्यासाठी वेगळा मार्ग लिहिलेला असतो. पायथन आणि जावा या भाषांमध्ये ही रीत प्रचलित आहे. अपवाद हाताळला नाही तर आज्ञावली तेथेच थांबते.

### यश-निर्देशक पद्धत

डॉटनेट प्रणालीतील ‘ट्रायपार्स’ हे या पद्धतीचे परिचित उदाहरण आहे. पूर्णांकासाठी ते २००५ च्या डॉटनेट २.० आवृत्तीपासून उपलब्ध आहे. ते दोन गोष्टी देते: रूपांतर झाले की नाही याचे हो-नाही उत्तर आणि झाले असल्यास मूल्य. न झाल्यास मूल्याच्या जागी शून्य येते. त्यामुळे हो-नाही उत्तर न पाहता केवळ मूल्य वापरल्यास मूक अपयश घडते. एसक्यूएल सर्व्हर २०१२ मधील ‘ट्राय-कन्व्हर्ट’ आणि ‘ट्राय-कास्ट’ यांचा हेतूही हाच असून रूपांतर न झाल्यास ती रिक्त मूल्य देतात. त्याच प्रणालीतील जुने ‘इझन्युमेरिक’ हे कार्य मात्र केवळ अधिक-उणे चिन्ह किंवा चलनचिन्ह असलेल्या मजकुरालाही संख्या ठरवू शकते. त्याच्या होकारानंतरही रूपांतर फसू शकते.

### अंशतः वाचन

काही साधने मजकुराच्या आरंभापासून जेवढे अंक सापडतील तेवढे वाचतात आणि उरलेले सोडून देतात. सी भाषेतील ‘एटॉय’ असे वागते आणि एकही अंक न सापडल्यास शून्य देते. त्याच भाषेतील ‘एसटीआरटॉल’ वाचन कोठे थांबले ते सांगते. ते स्थान मजकुराच्या शेवटी आहे का, हे पाहून संपूर्ण नोंद अंकमय होती की नाही ते ठरवता येते. जावास्क्रिप्टमधील ‘पार्सइंट’ हेही अंशतः वाचन करते. आंतरराष्ट्रीय अंकांत लिहिलेल्या ‘५००/-’ या रकमेतून ते ५०० उचलते, मात्र ‘१,२५,०००’ मधून स्वल्पविरामाशी थांबून केवळ १ उचलते. सव्वा लाखाचा एक रुपया होतो आणि कोणतीही सूचना मिळत नाही.

### आकृतिबंध तपासणी

रेग्युलर एक्सप्रेशनच्या साहाय्याने मजकुराची घडण आधी पाहता येते. जसे, ‘सहा अंक, पहिला शून्य नाही’. ही पद्धत ओळखक्रमांकांसाठी उपयुक्त आहे, परंतु आकृतिबंध आणि रूपांतर करणारे साधन यांची ‘अंक’ या शब्दाची व्याख्या एकच असणे गरजेचे असते.

## देवनागरी अंक

युनिकोडमध्ये ० ते ९ या देवनागरी अंकांना २४०६ ते २४१५ हे क्रमांक दिलेले आहेत. आंतरराष्ट्रीय अंकांचे क्रमांक ४८ ते ५७ आहेत. दोन्ही गटांची युनिकोडमधील वर्गवारी ‘दशमान अंक’ हीच आहे. देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की त्याचे मूल्य मिळते. ‘३’ चा क्रमांक २४०९, म्हणून मूल्य ३. रूपांतर एवढे सोपे असूनही सर्व साधने ते करत नाहीत.

| साधन | ‘१२३’ या देवनागरी नोंदीचे काय होते |
|---|---|
| पायथन ३ मधील पूर्णांक रूपांतर | यशस्वी. दोन लिप्यांचे मिश्र अंकही स्वीकारले जातात |
| जावातील पूर्णांक रूपांतर | यशस्वी |
| जावातील रेग्युलर एक्सप्रेशनचे अंकचिन्ह | मूळ मांडणीत नाकारते |
| डॉटनेटमधील पूर्णांक रूपांतर | अपयशी |
| डॉटनेटमधील रेग्युलर एक्सप्रेशनचे अंकचिन्ह | मूळ मांडणीत स्वीकारते |
| जावास्क्रिप्टमधील संख्या रूपांतर | अपयशी. ‘संख्या नाही’ हे विशेष मूल्य मिळते |

तक्त्यातील जावा आणि डॉटनेट यांची वर्तने परस्परविरुद्ध आहेत. जावात आकृतिबंध जी नोंद नाकारतो ती रूपांतर स्वीकारते. डॉटनेटमध्ये आकृतिबंध ज्या नोंदीला मान्यता देतो तिचे रूपांतर होत नाही. म्हणून एका भाषेत तपासून दुसऱ्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रणालीत, उदाहरणार्थ ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट आणि सर्व्हरवर जावा असलेल्या ठिकाणी, दोन्ही टोकांची स्वतंत्र परीक्षा करावी लागते.

प्रदर्शन आणि वाचन यांतही विसंगती आढळते. विविध भाषांचे लेखनसंकेत संकलित करणाऱ्या सीएलडीआर या युनिकोड प्रकल्पात मराठीची मूळ अंकपद्धती देवनागरी आहे. त्यामुळे जावास्क्रिप्टला मराठी संकेतानुसार संख्या दाखवण्यास सांगितल्यास ती ‘१,२३,४५६’ अशी, लाख-हजाराच्या योग्य स्वल्पविरामांसह, देवनागरीत दाखवली जाते. तीच नोंद परत दिली असता मात्र जावास्क्रिप्टचे संख्या रूपांतर ती वाचू शकत नाही.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३४३ नुसार संघराज्याच्या शासकीय प्रयोजनांसाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप वापरले जाते. महाराष्ट्राच्या मराठी कारभारात आणि मराठी माध्यमाच्या प्राथमिक शिक्षणात देवनागरी अंक रूढ आहेत. एकाच व्यक्तीच्या कागदपत्रांत दोन्ही रूपे असणे ही त्यामुळे सामान्य स्थिती आहे, वापरकर्त्याची चूक नाही.

### फसवी साम्ये आणि अदृश्य चिन्हे

देवनागरी ‘१’ हा आंतरराष्ट्रीय नऊसारखा आणि ‘४’ हा घाईच्या हस्ताक्षरात आंतरराष्ट्रीय आठसारखा भासतो. देवनागरी शून्य, आंतरराष्ट्रीय शून्य आणि रोमन ‘ओ’ हे अक्षर डोळ्यांना जवळपास एकच दिसतात. मराठी कळफलकावर वेळ लिहिताना अपूर्णविरामाऐवजी विसर्ग उमटल्यास ‘१०ः३०’ ही नोंद दिसायला योग्य असते, पण वेळ म्हणून ती वाचली जात नाही. अक्षरे जोडण्यासाठी किंवा सुटी ठेवण्यासाठी वापरली जाणारी शून्य-रुंदीची चिन्हे अंकांमध्ये शिरल्यास ती पडद्यावर दिसत नाहीत. त्यांची गणना मोकळ्या जागेत होत नसल्याने मागचीपुढची जागा छाटणाऱ्या नेहमीच्या साधनांनीही ती जात नाहीत. युनिकोडपूर्व टंकांत तयार केलेल्या फाइलींत तर पडद्यावर देवनागरी दिसत असले तरी साठवलेले संकेतांक रोमन लिपीचे असतात. अशा मजकुराचे आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते.

### शब्दांतील संख्या

‘अडीच’, ‘दीड’, ‘सव्वातीन’, ‘पावणेचार’ या शब्दांचे मूल्य मराठी माणसाला क्षणात कळते. संगणकाला त्यासाठी कोष्टक द्यावे लागते. मराठीत एक ते शंभरपर्यंतची संख्यानामे इंग्रजीइतकी नियमबद्ध नसल्यामुळे प्रत्येक नाव स्वतंत्रपणे नोंदवावे लागते. २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ सोबत ‘वीस एक’ अशी नावे आल्यावर राज्यभर चर्चा झाली होती. आवाजावरून नोंद घेणाऱ्या प्रणालीला दोन्ही रूपे ओळखावी लागतात.

## जमिनीच्या नोंदी

महाराष्ट्रात ‘सातबारा’ हा गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्रित उतारा आहे. त्याचे प्रचलित लेखन ‘७/१२’ असे केले जाते. एक्सेलसारख्या स्प्रेडशीटमध्ये हीच नोंद आंतरराष्ट्रीय अंकांत टाइप केली असता ती मूळ मांडणीनुसार दिनांक समजली जाते. संगणकावरील दिनांकक्रम जसा असेल त्याप्रमाणे ७ डिसेंबर किंवा १२ जुलै असे मूल्य बनते. भूमापन क्रमांक आणि त्याचा हिस्सा दाखवणाऱ्या ‘१२/३’ सारख्या नोंदीचेही असेच होते. ‘४५/१/अ’ ही नोंद मात्र दिनांकात बदलत नसल्याने जशीच्या तशी राहते. एकाच स्तंभात काही क्रमांक टिकतात आणि काही दिनांक बनतात, त्यामुळे दोष लवकर ध्यानात येत नाही.

हा प्रश्न मराठीपुरता नाही. ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ या अर्थाची लघुनामे असलेली मानवी जनुके स्प्रेडशीटमध्ये वारंवार दिनांक बनत असल्याने जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये ती बदलल्याचे जाहीर केले. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये एक्सेलमध्ये अशी काही आपोआप रूपांतरे बंद करण्याची सोय दिली.

क्षेत्राच्या नोंदीत अडचण वेगळी आहे. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा तीन भागांत, उदाहरणार्थ ‘०.४०.००’ असे लिहिले जाते. १ हेक्टर म्हणजे १०० आर आणि १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. दोन टिंबे असल्यामुळे ही नोंद दशांश संख्येच्या तपासणीत अपयशी ठरते. हे अपयश स्पष्ट असल्याने दुरुस्त करता येते. नोंद तीन भागांत तोडून प्रत्येक भाग स्वतंत्रपणे पूर्णांकात बदलावा लागतो.

बोलीव्यवहारातील एकर-गुंठ्यांची नोंद अधिक धोक्याची आहे. १ एकर म्हणजे ४० गुंठे. दोन एकर वीस गुंठे जमीन कोणी ‘२.२०’ अशी लिहिली, तर ती दशांश तपासणीत विनाअडथळा उत्तीर्ण होते. संगणकाच्या लेखी ती २.२ एकर, म्हणजे दोन एकर आठ गुंठे असते. प्रत्यक्षात ती अडीच एकर आहे. येथे बारा गुंठे, म्हणजे सुमारे १,२१४ चौरस मीटर जमीन, रूपांतर यशस्वी झाल्यामुळे कमी होते.

डहाणू आणि तलासरी हे आदिवासीबहुल तालुके असून तेथे वनहक्कांच्या दाव्यांत क्षेत्राला मोठे महत्त्व आहे. वनहक्क मान्यता कायदा, २००६ नुसार कसत असलेल्या वनजमिनीवरील वैयक्तिक हक्काची कमाल मर्यादा ४ हेक्टर आहे. अशी मर्यादा माहीत असल्यास रूपांतरानंतर मूल्याची व्याप्तीही तपासता येते. हेक्टरच्या चौकटीत ‘४०’ हे मूल्य आल्यास ते गुंठे किंवा आर असण्याची शक्यता लक्षात आणून देता येते. ‘२.२०’ मात्र मर्यादेच्या आत असल्याने व्याप्ती तपासणीतही सापडत नाही. त्यावर विश्वसनीय उपाय म्हणजे एकर आणि गुंठे यांसाठी दोन वेगळ्या चौकटी ठेवणे आणि गुंठ्यांच्या चौकटीत ० ते ३९ एवढीच मूल्ये स्वीकारणे.

## दिनांक

भारतात दिनांक दिवस, महिना, वर्ष या क्रमाने लिहिला जातो, तर अमेरिकी मांडणीत महिना आधी येतो. वनहक्क कायद्यातील ताब्याची निर्णायक तारीख ‘१३/१२/२००५’ ही आहे. अमेरिकी क्रमाने तिचे रूपांतर होत नाही, कारण तेरावा महिना नसतो; येथे चूक लगेच उघड होते. त्याच वर्षातील ‘१२/११/२००५’ ही नोंद दोन्ही क्रमांनी वैध आहे. एका क्रमाने ती १२ नोव्हेंबर होते, दुसऱ्याने ११ डिसेंबर. ज्या नोंदींत दिवसाचा आकडा बारा किंवा त्याहून कमी आहे आणि महिन्यापेक्षा भिन्न आहे, त्या सर्वांबाबत हा धोका संभवतो. म्हणून काही नोंदी वाचल्या गेल्या, एवढ्यावरून निवडलेला क्रम योग्य ठरत नाही.

साठवणीसाठी आयएसओ ८६०१ या मानकातील वर्ष-महिना-दिवस हा क्रम वापरल्यास संदिग्धता राहत नाही. नोंद घेताना महिन्याचे नाव यादीतून निवडू देणे हाही सोपा उपाय आहे. ३१ फेब्रुवारी किंवा लीप वर्ष नसतानाचा २९ फेब्रुवारी अशा अस्तित्वात नसलेल्या तारखा नाकारल्या जाव्यात. काही साधने त्या पुढच्या महिन्यात ढकलून स्वीकारतात, हे ध्यानात घेणे आवश्यक असते.

## ओळखक्रमांक

अंकांनी बनलेली प्रत्येक नोंद संख्या असतेच असे नाही. ज्या नोंदीवर बेरीज-वजाबाकी करण्यात अर्थ नसतो ती ओळखखूण असते आणि ती मजकूर म्हणूनच साठवणे योग्य ठरते. अशा नोंदींच्या बाबतीत रूपांतराची क्षमता तपासण्याऐवजी घडण तपासली जाते.

* पिन कोड: टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी पिन कोड लागू झाला. डहाणूचा ४०१६०१ आणि डहाणू रोडचा ४०१६०२ आहे. पहिला अंक शून्य नसतो. तीन अंकांनंतर जागा सोडून लिहिण्याची पद्धत असल्याने ती जागा काढून तपासणी करावी लागते.
* दूरध्वनी संकेतांक: डहाणूचा ०२५२८ हा संकेतांक संख्येत बदलल्यास आरंभीचे शून्य नाहीसे होते. शून्याने सुरू होणाऱ्या बँक खाते क्रमांकांचीही हीच गत होते.
* मोबाइल क्रमांक: भारतातील दहा अंकी मोबाइल क्रमांक ६ ते ९ ने सुरू होतात. ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ असल्याने हे सर्व क्रमांक त्या प्रकारात मावत नाहीत. सर्व चिन्हे अंकच असूनही रूपांतर अपयशी ठरते.
* यू-डायस क्रमांक: शाळांचा हा क्रमांक अकरा अंकी असून महाराष्ट्रातील शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो. तोही वरील मर्यादेबाहेर जातो.
* आधार क्रमांक: देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आले. क्रमांक बारा अंकी असून ० किंवा १ ने सुरू होत नाही. शेवटचा अंक व्हेरहोफ पद्धतीने काढलेला तपासणी अंक असतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर तो जुळत नाही. त्यामुळे लिहिण्यातील चूक पकडता येते. क्रमांक त्याच व्यक्तीचा आहे की नाही, हे मात्र त्यावरून कळत नाही.
* आयएफएससी: बँक शाखेच्या या अकरा चिन्हांच्या संकेतांकात पहिली चार अक्षरे असतात आणि पाचवे चिन्ह शून्य असते. तेथे रोमन ‘ओ’ लिहिण्याची चूक नेहमी होते.

एखादी नोंद संख्या आहे की ओळखखूण, हे ठरवण्यासाठी परतीची कसोटी उपयोगी पडते. मजकूर संख्येत बदलून पुन्हा मजकुरात आणावा आणि मूळ नोंदीशी ताडून पाहावा. ‘०२५२८’ चे ‘२५२८’ होऊन परत आले, तर रूपांतरात माहिती गळाली असे समजावे. दीर्घ क्रमांकांतही ही कसोटी चूक दाखवते. एक्सेल संख्येचे पहिले १५ सार्थ अंकच राखते, तर जावास्क्रिप्टमध्ये ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ या सोळा अंकी मर्यादेपलीकडील सर्व पूर्णांक अचूक राहतीलच असे नाही.

## यादीतील मूल्ये आणि हो-नाही नोंदी

जिल्हा, तालुका, गाव अशा नोंदी ठरावीक यादीतील मूल्यांत बदलल्या जातात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड, पालघर व वसई हे आठ तालुके त्यात गेले. त्यापूर्वीच्या दाखल्यांवर रानशेतचा जिल्हा ‘ठाणे’ असाच आहे. आजच्या यादीशी ताडणारी तपासणी ‘रानशेत, तालुका डहाणू, जिल्हा ठाणे’ ही नोंद अवैध ठरवते. वास्तविक ती त्या काळापुरती अचूक आहे. यादीसोबत प्रत्येक मूल्याचा कालावधी ठेवल्यास हा दोष टळतो.

युनिकोडमध्ये काही देवनागरी अक्षरे दोन प्रकारे साठवता येतात. ‘वऱ्हाड’ या शब्दातील ‘ऱ’ एका संकेतांकाने किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनी लिहिता येतो. तुलना करण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे युनिकोड प्रमाणीकरण करावे लागते.

हो-नाही प्रकारात पायथन आणि जावास्क्रिप्ट यांचे थेट रूपांतर कोणत्याही अरिक्त मजकुराला ‘सत्य’ मानते. ‘नाही’ हा मजकूरही त्यामुळे होकार ठरतो. कोणते शब्द होकारार्थी आणि कोणते नकारार्थी, हे स्पष्टपणे सांगून अन्य सर्व मजकूर नाकारणे हाच मार्ग उरतो.

## सर्वसाधारण क्रम

मराठी नोंदींसाठी तपासणीचा क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे ठेवता येतो:

# मूळ नोंद जशीच्या तशी जपून ठेवणे.
# युनिकोड प्रमाणीकरण करणे. मागची-पुढची जागा आणि अदृश्य चिन्हे काढणे.
# नोंद रिक्त आहे का ते पाहणे. जावास्क्रिप्टचे संख्या रूपांतर रिक्त मजकुराचे शून्य करते, म्हणून ही पायरी वेगळी ठेवणे.
# संख्या अपेक्षित असल्यास देवनागरी अंक एका रूपात आणणे. एकाच नोंदीत दोन्ही रूपे मिसळली असल्यास पुष्टी मागणे.
# ‘रु.’, ‘/-’ आणि स्वल्पविराम यांसारखी अपेक्षित चिन्हे ठरलेल्या जागीच असल्यास काढणे.
# संपूर्ण मजकूर नियमात बसतो का ते तपासणे. अंशतः वाचन न स्वीकारणे.
# रूपांतर करून यश-निर्देशक पाहणे.
# मूल्याची व्याप्ती आणि इतर नोंदींशी मेळ तपासणे.
# समजलेले मूल्य वापरकर्त्याला शब्दांत दाखवणे, जसे ‘दोन एकर वीस गुंठे’.

वापरकर्त्याच्या ब्राउझरमधील तपासणी त्याच्या सोयीसाठी असते. ती टाळता येत असल्याने सर्व्हरवर तीच तपासणी पुन्हा करणे आवश्यक ठरते.

अपयशाच्या वेळी दिला जाणारा संदेशही तपासणीचाच भाग मानला जातो. ‘अवैध नोंद’ एवढ्याने काय चुकले ते कळत नाही. कोणती चौकट, कोणते चिन्ह आणि कोणत्या रूपातील नोंद अपेक्षित आहे, हे सांगणारा संदेश मराठीत असावा. भरलेला उर्वरित अर्ज पुसला जाऊ नये.

## मर्यादा

रूपांतर तपासणी नोंदीची घडण पाहते, सत्यता पाहत नाही. महाराष्ट्रातील शाळांच्या जुन्या दाखल रजिस्टरांत अनेक मुलांची जन्मतारीख १ जून आढळते. नेमकी तारीख पालकांना ठाऊक नसल्यास शाळेच्या आरंभाजवळचा हा दिवस लिहिण्याची प्रथा होती. संगणकाच्या दृष्टीने १ जून हा निर्दोष दिनांक आहे आणि तो प्रत्येक तपासणीत उत्तीर्ण होतो. पुढे वय, निवृत्ती आणि निवृत्तिवेतन यांची गणिते त्याच्यावरच होतात. याउलट ‘माहीत नाही’ हे प्रामाणिक उत्तर दिनांकाच्या चौकटीत बसत नाही म्हणून नाकारले जाते. अशा ठिकाणी ‘अज्ञात’ किंवा ‘अंदाजे’ अशी स्वतंत्र नोंद घेण्याची सोय नसेल, तर चौकट भरण्यासाठी खोटे पण रूपांतरक्षम मूल्य लिहिले जाते. तपासणीची रचना करताना कोणती नोंद नाकारायची याइतकाच, खरी परंतु साच्यात न बसणारी नोंद कोठे ठेवायची, हा प्रश्न महत्त्वाचा असतो.

## हेही पाहा

* विदाप्रकार
* युनिकोड
* देवनागरी अंक
* सातबारा उतारा
* पिन कोड
* रानशेत